शेपटीची क्रियापदे आणि पहाटेची टॅक्सी

आपल्या बेळगावात ‘हॉटेल’ म्हटले की डोळ्यांपुढे चहा, पुरीभाजी आणि डोसा उभा राहतो. मुक्कामाला जागा देते ते ‘लॉज’. प्रस्तुत लेखातील हॉटेल मात्र खोल्यांचे आहे. दाराशी काचेचा दरवाजा, आत लाकडी काउंटर, काउंटरवर घंटी आणि घंटीमागे गळ्यात टाय बांधलेला एक घाबरट तरुण, असे त्याचे स्वरूप समजावे. गेल्या उन्हाळी सुट्टीत तो घाबरट तरुण म्हणजे मी होतो.

माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले. घरी मराठी, गल्लीत मराठी आणि कन्नड दोन्ही, आणि इंग्रजी फक्त पुस्तकात. एसएसएलसीला इंग्रजीत ८३ गुण पडले होते, तेव्हा आपल्याला इंग्रजी येते असा माझा प्रामाणिक समज होता. त्या ८३ गुणांच्या बळावरच मला रिसेप्शनवर रात्रपाळीच्या मदतनिसाची जागा मिळाली. तो समज एका पहाटे चार वाजता उतरला. ती हकिकत प्रथम सांगतो, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यातूनच निघाले आहे.

हॉटेलात एक परदेशी कुटुंब उतरले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता त्यांना चोर्ला घाटातून गोव्याला जायचे होते आणि त्यासाठी टॅक्सी ठरवलेली होती. रात्री अकराच्या सुमारास खोलीतून बाईंचा फोन आला. घाईघाईत त्या म्हणाल्या, “वी हॅव टू कॉल ऑफ द टॅक्सी, प्लीज.” मला ‘कॉल’ ऐकू आले आणि ‘टॅक्सी’ ऐकू आले. मधला ‘ऑफ’ कुठे तरी सांडला. ‘कॉल’ म्हणजे बोलावणे, हे तर पाचवीतले पोरही सांगेल. मी अदबीने “येस मॅडम” म्हटले आणि लगेच ड्रायव्हर मामांना फोन लावला, “मामा, पहाटे चारला नक्की या हं. पाहुण्यांनी पुन्हा आठवण केली आहे.”

मामा शहापूरहून भर पावसात चारला पाच मिनिटे असतानाच आले. मी उत्साहाने खोलीत फोन केला. बाईंच्या लहान मुलाला रात्री ताप भरला होता, म्हणूनच त्यांनी प्रवास रद्द केला होता. मूल रात्रभर रडून तेव्हा कुठे झोपले होते. फोनच्या घंटीने ते पुन्हा जागे झाले. बाई ओरडल्या नाहीत. “आय टोल्ड यू,” एवढेच म्हणाल्या. ते शब्द मला शिव्यांपेक्षा जड गेले. मामांनी माझ्यासाठी एक दुसरे भाडे सोडले होते. ते भिजलेला टॉवेल पिळत म्हणाले, “काय बाळा, गाडी नको होती तर मला कशाला बोलावलास?” मॅनेजरसाहेबांनी मामांना निम्मे भाडे दिले आणि ते १२०० रुपये माझ्या पगारातून वळते केले. त्यात अन्याय काही नव्हता.

आमच्याकडे गोकाककडचे एक रूमबॉय होते. वयाने मोठे, त्यामुळे आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू. शिक्षण नववीपर्यंत, तेही कन्नडमधून. मी त्यांना सारी हकिकत सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. सरळ म्हणाले, “ऑफ अंद्र बंद.” ऑफ म्हटले की बंद. गीझर ऑफ म्हणजे गीझर बंद, टीव्ही ऑफ म्हणजे टीव्ही बंद, मग टॅक्सी ऑफ म्हणजे टॅक्सी बंद. एवढी साधी गोष्ट! व्याकरणाचा एकही नियम न शिकलेल्या माणसाला जे कळले ते ८३ गुणवाल्याला कळले नाही. असे का झाले, हे शोधण्यासाठी मी पुढे दोन महिने एक वही ठेवली. तिच्यातील काही पाने येथे मांडतो.

इंग्रजीत या प्रकाराला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. एक साधे क्रियापद घ्यावे आणि त्याला अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ अशांपैकी एक छोटे अव्यय जोडावे, की दोघांचे मिळून एक नवेच क्रियापद तयार होते. मी त्यांना ‘शेपटीची क्रियापदे’ म्हणतो. काही ठिकाणी अर्थ सरळ असतो. ‘कम इन’ म्हणजे आत या. काही ठिकाणी मात्र दोन्ही शब्द ओळखीचे असूनही अर्थ अनोळखी असतो. ‘पुट’ माहीत, ‘ऑफ’ माहीत, पण ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

हा त्रास केवळ आपल्यालाच होतो असे नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेतच त्यांनी नोंद केली आहे की क्रियापदाला शेवटी अव्यय जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परकीयांना सर्वांत अवघड जाते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र पुष्कळ अलीकडचे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकातून ते रूढ झाले आणि ते सुचवण्याचे श्रेय स्मिथ यांनी ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले आहे.

मग शाळेत आपल्याला ही क्रियापदे कमी का भेटतात? याचे उत्तर इंग्लंडच्या इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे काही शतके दरबार, कचेरी आणि कायदा यांत फ्रेंच व लॅटिनचा अंमल राहिला. त्यामुळे इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन थर तयार झाले. वरच्या थरात लॅटिन-फ्रेंच मुळाचे भारदस्त शब्द, आणि खालच्या थरात घरात, बाजारात वापरायचे छोटे शब्द. पोस्टपोन म्हणजेच पुट ऑफ. कॅन्सल म्हणजेच कॉल ऑफ. टॉलरेट म्हणजे पुट अप विथ. इन्व्हेस्टिगेट म्हणजे लुक इन्टू. रिफ्यूज म्हणजे टर्न डाउन. एक्स्टिंग्विश म्हणजे पुट आउट. आपण पाठमाला आणि शब्दकोश घोकून वरचा थर शिकतो. पाहुणा मात्र चप्पल घालून काउंटरवर येतो तेव्हा खालच्या थरातले बोलतो. बाई जर “कॅन्सल द टॅक्सी” म्हणाल्या असत्या तर माझे १२०० रुपये वाचले असते. पण रात्री अकरा वाजता, तापलेले मूल मांडीवर असताना माणूस भारदस्त शब्द शोधत बसत नाही.

वाचकांना वाटेल की हे इंग्रजीचेच खूळ आहे. तसे नाही. आपल्या दोन्ही भाषांत याचे चुलतभाऊ आहेत. मराठीत ‘करणे’ हे साधे क्रियापद. ‘करून टाक’ म्हटले की त्यात काम एकदाचे संपवण्याची घाई येते आणि ‘करून घे’ म्हटले की ते स्वतःसाठी करायचे असते. येथे ‘टाक’ म्हणजे फेकणे नव्हे आणि ‘घे’ म्हणजे हातात घेणे नव्हे. कन्नडमध्येही हुबेहूब तेच. ‘माडु’ म्हणजे कर, ‘माडिबिडु’ म्हणजे करून टाक, ‘माडिको’ म्हणजे करून घे. ‘बिडु’चा मूळ अर्थ सोडणे, पण येथे सोडण्याचा काही संबंध नाही. आणि घाईत ‘माडिबिडु’च्या जागी ‘माडबेडा’ ऐकले, तर ‘करून टाक’चे थेट ‘करू नको’ होते! माझे इंग्रजीत जे झाले, ते मराठी माणसाचे कन्नडमध्येही होऊ शकते. याच अंकाच्या कन्नड विभागातील मित्र याला दुजोरा देतील.

वाणिज्य शाखेच्या मित्रांना तर मी आणखी एक गंमत सांगेन. आपण अकरावीपासून ही शेपटीची क्रियापदे रोज लिहीत आलो आहोत. खात्याची बाकी पुढे नेताना आपण ‘कॅरिड डाउन’ लिहितो, दुसऱ्या दिवशी ‘ब्रॉट डाउन’ लिहितो. कंपनी गुंडाळणे म्हणजे ‘वाइंड अप’. पूर्ण भरलेले भांडवल म्हणजे ‘पेड-अप’. आणि बुडीत येणे खात्यातून काढून टाकणे म्हणजे ‘राइट ऑफ’. ज्या मुलाने शंभर वेळा बुडीत येणे ‘राइट ऑफ’ केले, त्याला टॅक्सी ‘कॉल ऑफ’ करता येऊ नये, याचे मला नंतर फार हसू आले. आपण ते शब्द जमाखर्चाच्या कप्प्यात ठेवले होते, भाषेच्या कप्प्यात नव्हे.

आता हॉटेलच्या एका दिवसाच्या क्रमाने पाहू. पाहुणा येतो आणि ‘चेक इन’ करतो, म्हणजे नाव नोंदवून खोली ताब्यात घेतो. त्याच्यापुढे आपण फॉर्म ठेवतो. आपल्याकडे फॉर्म ‘फिल अप’ करतात, ब्रिटिश माणूस तो ‘फिल इन’ करतो, अमेरिकन माणूस ‘फिल आउट’ करतो. तिन्हींचा अर्थ एकच, तेव्हा शेपटी वेगळी ऐकून गोंधळू नये. बॅगा वरच्या मजल्यावर आणून देणे म्हणजे ‘ब्रिंग अप’. जेवण खोलीत वर पाठवणे म्हणजे ‘सेंड अप’. आपल्याकडे ‘वर पाठवणे’ याचा अर्थ निराळा होतो, पण इंग्रज पाहुणा त्याने दचकत नाही.

टेलिफोनवर तर शेपट्यांचा बाजारच भरतो. ‘होल्ड ऑन’ म्हणजे फोन धरून थांबा. ‘हँग अप’ म्हणजे फोन ठेवणे. ‘पुट थ्रू’ म्हणजे ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशी जोडून देणे. ‘कॉल बॅक’ म्हणजे आपण परत फोन करणे. “वी वेअर कट ऑफ” म्हणजे बोलता बोलता फोन तुटला. “आय कान्ट गेट थ्रू” म्हणजे फोन लागतच नाही. लक्षात घ्यावे, ‘कॉल बॅक’ आणि ‘कॉल ऑफ’ यांत क्रियापद एकच आहे. सारा फरक शेपटीचा.

खोलीच्या कामात ‘मेक अप’ म्हणजे चेहऱ्याची रंगरंगोटी नव्हे. दाराच्या मुठीवर तशी पाटी टांगली असेल तर खोली झाडून, चादर बदलून, पलंग नीट लावायचा. ‘टर्न डाउन’ या एका क्रियापदाचे तर तीन अर्थ मी एकाच आठवड्यात ऐकले. टीव्हीचा आवाज टर्न डाउन म्हणजे कमी करणे. विनंती टर्न डाउन म्हणजे नाकारणे. आणि मोठ्या हॉटेलात संध्याकाळी पलंगपोस काढून, पांघरुणाची कड दुमडून बिछाना झोपण्यासाठी तयार करतात, तेही टर्न डाउनच. ‘रन आउट ऑफ’ ऐकून कोणी पळाले असे समजू नये. “वी हॅव रन आउट ऑफ सोप” म्हणजे आमच्याकडचा साबण संपला आहे. ‘वेक अप’ आणि ‘गेट अप’ हे आपल्याला सारखेच वाटतात, कारण मराठीत दोन्हींना ‘उठणे’ म्हणून भागते. पण वेक अप म्हणजे जागे होणे आणि गेट अप म्हणजे अंथरूण सोडणे. सुट्टीच्या दिवशी त्यांच्यात किती तासांचे अंतर असते, हे वसतिगृहातल्या मित्रांना सांगायला नको.

जेवणाच्या टेबलावरून बशा उचलून नेणे म्हणजे ‘क्लिअर अवे’. आपण ज्याला ‘पार्सल’ म्हणतो त्याला ब्रिटिश पाहुणा ‘टेक अवे’ म्हणतो. सिगारेट ‘पुट आउट’ करणे म्हणजे बाहेर ठेवणे नव्हे, विझवणे. तक्रार आली तर “आय विल लुक इन्टू इट” म्हणजे मी चौकशी करतो, आणि “आय विल सी टू इट” म्हणजे ते काम मी करवून घेतो. या दोहोंत फरक आहे. नळ गळत असेल तर पाहुण्याला चौकशी नको असते, नळ दुरुस्त हवा असतो. लिफ्ट बंद पडली तर ती ‘ब्रेक डाउन’ झाली. शेवटी बिल चुकते करून किल्ली परत देणे म्हणजे ‘चेक आउट’.

नियमांपैकी तीनच सांगतो, कारण रोजच्या उपयोगाचे तेवढेच आहेत. पहिला नियम जागेचा. ‘टर्न ऑफ द गीझर’ आणि ‘टर्न द गीझर ऑफ’ ही दोन्ही वाक्ये बरोबर. पण गीझरच्या जागी सर्वनाम आले की ते मध्येच बसले पाहिजे. ‘टर्न इट ऑफ’ बरोबर, ‘टर्न ऑफ इट’ चूक. मात्र सगळ्याच जोड्या अशा फुटत नाहीत. ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणे. तेथे ‘लुक आफ्टर हर’ असेच म्हणावे लागते.

दुसरा नियम आघाताचा, आणि माझ्या चुकीची गुरुकिल्ली येथेच आहे. ‘कॉल इट ऑफ’, ‘टर्न इट डाउन’, ‘फिल इट इन’ अशा जोड्यांत बोलणारा जोर शेपटीवर देतो, क्रियापद हलके जाते. आपण मराठी माध्यमवाले मात्र वाक्यात क्रियापद शोधायला शिकलो. क्रियापद सापडले की अर्थ सापडला, अशी आपली सवय. अण्णांना कोणी क्रियापद शोधायला शिकवलेच नव्हते. ते जे ठळक ऐकू येईल ते ऐकत, आणि ठळक ऐकू येत होती ती शेपटी.

तिसरा नियम नामाचा. ‘चेक आउट’ क्रियापद असेल तेव्हा दोन शब्द सुटे लिहितात आणि जोर ‘आउट’वर येतो. त्याचे नाम झाले की, उदाहरणार्थ ‘चेकआउटची वेळ’, ते जोडून लिहितात आणि जोर ‘चेक’वर जातो. काउंटरवरच्या पाटीवर हे चुकीचे लिहिलेले पुष्कळ ठिकाणी दिसते.

आता अण्णांच्या सूत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘ऑफ म्हणजे बंद’ हे दर वेळी चालत नाही. दिवे ‘गो ऑफ’ झाले म्हणजे गेले, पण अलार्म ‘गो ऑफ’ झाला म्हणजे वाजला! आणि दूध ‘गो ऑफ’ झाले म्हणजे नासले. पाहुण्याला स्टेशनवर ‘ड्रॉप ऑफ’ करणे म्हणजे नेऊन सोडणे. तरीही शेपटीचा एक ढोबळ कल असतो, तो उपयोगी पडतो. ऑफमध्ये पुष्कळदा तुटणे, सुटणे किंवा दूर होणे असते. अपमध्ये पुष्कळदा पूर्ण होणे असते, जसे फिल अप, यूज अप, पेड-अप. आउटमध्ये संपणे असते, जसे रन आउट, सोल्ड आउट. हे कल लक्षात ठेवावेत, पण त्यांच्यावर पैज लावू नये.

आणखी एक सावधगिरी. काही शब्द आपण भारतात एका अर्थाने वापरतो आणि परदेशी पाहुणा दुसऱ्या. “मी गेल्या वर्षी पास आउट झालो” असे आपण अभिमानाने सांगतो. ब्रिटिश पाहुणा त्याचा अर्थ ‘मला मूर्च्छा आली’ असा घेईल आणि पाणी मागवील. तसेच आपण ‘कोप अप विथ’ म्हणतो, तेथे ‘अप’ नकोच आहे. ‘कोप विथ’ पुरेसे आहे. शेपटी गाळणे जशी चूक, तशी नसलेली शेपटी लावणे हीही चूकच.

एवढे सगळे वहीत लिहिल्यावरही उद्या नवी शेपटी भेटणार नाही याची खात्री कोण देणार? म्हणून सर्वांत उपयोगी गोष्ट शेवटी सांगतो. पाहुणा जे बोलला ते आपल्या साध्या शब्दांत त्याला परत विचारावे. त्या रात्री मी “येस मॅडम”च्या ऐवजी “सो यू डोन्ट वॉन्ट द टॅक्सी?” किंवा अगदी “यू वॉन्ट द टॅक्सी?” एवढे जरी विचारले असते, तरी मूल झोपले असते, मामांचे भाडे बुडले नसते. मला विचारायची लाज वाटली. विचारले तर आपल्याला इंग्रजी येत नाही हे उघड होईल, ही भीती होती. मराठी आणि कन्नड माध्यमातून आलेल्या आपणा पुष्कळांना ही भीती ओळखीची असेल. आपल्याकडची अनेक मुले गोव्यातील हॉटेलांत कामाला जातात. काउंटरवर कोण उभा राहणार आणि मोरीपाशी कोण राहणार, हे तेथे पुष्कळदा इंग्रजीवर ठरते. पण न समजता ‘येस’ म्हणणाऱ्यापेक्षा समजून घेण्यासाठी पुन्हा विचारणारा माणूस काउंटरवर बरा, हे मी स्वतःच्या पैशाने शिकलो आहे.

पुढे मॅनेजरसाहेबांनी ती वही पाहिली आणि रविवारी दुपारी मुलांना अर्धा तास शिकवायला सांगितले. तीन रकाने केले: इंग्रजी, मराठी, कन्नड. कन्नडचा रकाना अण्णांनी भरला. इंग्रजी शब्द मी वाचायचे आणि ते बोलताना कसे ऐकू येतात हे अण्णांनी सांगायचे, अशी वाटणी झाली. त्यात मीच जास्त शिकलो. सुट्टी संपताना अण्णा काउंटरवरचा फोन उचलू लागले होते.

ड्रायव्हर मामांचे उरलेले निम्मे भाडे मी शेवटच्या पगारातून देऊ केले. त्यांनी घेतले नाही. पण अजूनही स्टँडजवळ भेटले की गाडीची काच खाली करून विचारतात, “काय बाळा, आज कॉल की कॉल ऑफ?”